शेवटच्या गाण्याबद्दल बदललेलं मत

माझ्या धाकट्या बहिणीचा शेवटचा निरोप माझ्या फोनमध्ये आहे. लिहिलेला नाही, बोललेला आहे. आवाज तापाने थोडा बसलेला, मागे शेजाऱ्यांच्या कुकरची शिट्टी. ती म्हणते, "अण्णा, त्या शेवटच्या गाण्याबद्दल माझं मत बदललंय. तू आलास की सांगतो."

मी तेव्हा निपाणीला होतो. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डोळ्यांत थेंब घालायला घरी कुणीतरी हवं होतं. बेळगावला परतलो तेव्हा बहीण दवाखान्यात होती, आणि त्यानंतर गाण्यांविषयी बोलण्यासारखी वेळ आलीच नाही. डेंग्यू होता. त्याबद्दल याहून जास्त मला लिहायचं नाही.

लिहायचं आहे ते त्या मताबद्दल. एका जपानी गायिकेचा एक अल्बम, त्यातलं शेवटचं गाणं, आणि त्याविषयी माझ्या बहिणीचं मत. ते आधी काय होतं हे मला अर्धवट माहीत होतं. बदलून काय झालं ते अजिबात माहीत नव्हतं. ती गेल्यावर लोक भेटायला येत, मी गप्प बसलेला असे, आणि त्यांना वाटे की दुःखाने वाचा गेली आहे. दुःख होतंच. पण पुष्कळदा मी त्या गाण्याचाच विचार करत असे. एखाद्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलेलं असावं आणि ग्रंथालयात दुसरी प्रत नसावी, तसं काहीसं. मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे, म्हणून मला असंच सुचतं.

बहीण इंजिनिअरिंगला पुण्याला गेली आणि तिथेच एका कंपनीत लागली. कंपनीचं काम जपानशी होतं, म्हणून जपानी शिकली. भाषा शिकताना कान बसावा म्हणून गाणी ऐकायला लागली आणि त्यातून ही गायिका तिला सापडली. पुढे घरून काम करायची सोय झाली तेव्हा ती बेळगावला माझ्याकडे, टिळकवाडीतल्या भाड्याच्या घरात राहायला आली आणि परत गेली नाही. समोरच्या खोलीत तिचं टेबल होतं. दुपारी मी जेवायला घरी आलो की दारातूनच जपानी ऐकू यायचं. कधी साहेबाशी बोललेलं, कधी गाण्यातलं. दोन्हींतला फरक मला हळूहळू कळायला लागला, कारण साहेबाशी बोलताना ती फोनवरसुद्धा मान लववायची.

न कळणारी भाषा कानावर पडत राहणं आम्हाला नवीन नाही. बसवरची पाटी कन्नड, कचेरीतला कागद कन्नड, शेजारच्या आजींचं भांडण कन्नड. लहानपणापासून अर्थ कळायच्या आधी सूर कळायचा. त्यामुळे जपानी गाणं घरात आलं तेव्हा कुणी दचकलं नाही. फक्त आईने एकदा विचारलं होतं, "ही बाई कुठली रं? हुबळीकडची व्हय?"

तो अल्बम आला तेव्हा बहिणीने त्याची सीडी थेट जपानहून मागवली. गाणी फोनवर होतीच, तरी मागवली. वेष्टनावर अर्धवट सोललेल्या संत्र्याचं चित्र, आणि कडेला उभी एक कागदी पट्टी. घडी घातलेल्या नव्या साडीला असते तशी. ती पट्टी तिने फेकू दिली नाही. घरात सीडी वाजवायला काही नव्हतंच, पण माझ्या जुन्या गाडीत सीडी घालायची खाच अजून शाबूत होती. गाडी मी दुसऱ्याकडून घेतलेली, बहीण तिला म्हातारी म्हणायची. तर तो अल्बम आम्ही ऐकला तो म्हातारीत, बेळगाव ते निपाणी, रविवारच्या रविवार.

काकती मागे पडलं की बहीण सीडी आत सरकवायची. पहिलं गाणं वंटमुरीच्या घाटात, मधली संकेश्वरच्या अलीकडे, आणि तवंदीचा घाट आला की आठवं. रस्त्याची आणि गाण्यांची अशी जोडी लागून गेली होती. आजही संकेश्वरचा उसाचा ट्रॅक्टर दिसला की माझ्या कानात पाचवं गाणं सुरू होतं, ज्यात मागे सगळे टाळ्या वाजवतात.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बहीण नाराज झाली. या गायिकेचा आवाज मोठा, मोकळा. वरच्या सुरावर गेली की अंगावर काटा यायचा, असं बहीण म्हणायची. या अल्बममध्ये गायिकेने आवाज खाली ठेवला होता, जवळजवळ बोलल्यासारखा.

"हिनं आवाज कुठं ठेवला?" बहीण म्हणाली. "झोपेत गायलीय."

"मला बरं वाटतंय," मी म्हणालो. "ओरडत नाही."

"तुला बरंच वाटणार. ग्रंथालयात चालेल असं गाणं आहे हे."

मागच्या सीटवर आई असेल तर तिसऱ्या गाण्याला ठरलेला तमाशा व्हायचा. त्या गाण्यात एक शब्द पुन्हापुन्हा येतो, आमच्या कानाला तो स्वच्छ 'अण्णानी, अण्णानी' असा ऐकू यायचा. घरात मला सगळे अण्णा म्हणतात, आईसुद्धा. पहिल्या वेळी आई पुढे वाकून म्हणाली, "अगं, अण्णानी काय केलं त्या बाईचं?"

बहीण इतकी हसली की मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

"काही केलं नाही आई. जपानीत त्याचा अर्थ 'तेवढं', 'इतकं सगळं' असा होतो. तेवढं प्रेम केलं, तेवढी वाट बघितली, असं म्हणते ती."

"मग अण्णाचं नाव कशाला मध्ये?"

"नाव नाही गं ते."

"नाव न्हाय कसं? चांगलं पाच-सा वेळा घेतलं की." मग माझ्याकडे वळून, "तू कधी गेलतास रं तिकडं?"

त्यानंतर ते गाणं लागलं की आई मागून बजावायची, "अण्णा, तुझी तक्रार चाललीया बघ."

महिन्याभरात बहिणीचं मत हलायला लागलं. आधी म्हणाली, दुसरं गाणं तेवढं जमलंय. मग म्हणाली, दुसरं जमलेलं वाटतं ते पहिल्यामुळे. पहिल्यात ती जे अर्धं सोडते ते दुसऱ्यात उचलते. दिवाळीपर्यंत ती त्या अल्बमची वकील झाली होती. मला काही गाणी सपक वाटायची. तसं म्हटलं की ती सीडी मागे नेऊन तीच जागा परत ऐकवायची. "हे बघ, इथं ती श्वास घेते. तो काढून टाकता आला असता. मुद्दाम ठेवलाय." मी ऐकायचो. श्वास खरंच ऐकू यायचा. तो मुद्दाम ठेवला होता की राहून गेला होता, हे मात्र कसं कळणार?

एका गाण्याबाबत मात्र तिचं मत हललं नाही, ते शेवटचं. तवंदीच्या घाटात आठवं गाणं संपलं की ती बटण दाबून सीडी बाहेर काढायची.

"अजून एक आहे ना?"

"आहे. ते काढून टाकायला पाहिजे होतं तिनं. खोटं आहे."

"खोटं म्हणजे काय? बेसूर?"

"बेसूर नाही. तू आधी नीट ऐक, मग भांडू."

पण ऐकू द्यायची नाही. घाट उतरला की निपाणी, निपाणी आली की आईची भाकरी, आणि विषय मागे पडायचा. असं ते शेवटचं गाणं माझ्याकडून राहून गेलं, आणि मलाही त्याची घाई नव्हती.

मी ते पहिल्यांदा पूर्ण ऐकलं ते ती गेल्यानंतर. एकटाच निपाणीला चाललो होतो. घाटात आठवं गाणं संपलं आणि बटण दाबायला कुणी नव्हतं. गाणं सुरू झालं. एक गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. शेवटी एक आवाज येतो, काहीतरी लाकडी सरकल्यासारखा, आणि मग शांतता. मी तवंदीच्या खाली गाडी थांबवली आणि बसून राहिलो. मला काहीतरी मोठं अपेक्षित होतं. प्रत्यक्षात ते अगदी साधं गाणं निघालं. खोटं वगैरे काही जाणवलं नाही. खरं सांगायचं तर काहीच जाणवलं नाही. इतक्या साध्या गाण्याबद्दल माणसाला दोन मतं कशी काय असू शकतात, एवढाच प्रश्न घेऊन मी घरी गेलो.

तेव्हापासून मी ते पुष्कळदा ऐकलं. काही दिवस ते मला आवडेनासंच झालं, कारण ते तिच्याबद्दल काही सांगत नव्हतं. मग पावसाळ्यात केव्हातरी त्यातली एक जागा आवडायला लागली. दुसऱ्या कडव्यात गायिका एक ओळ संपवत नाही, गिटारवर सोडून देते. मग वाटलं, ही जागा बहिणीला आवडली असती. मग वाटलं, हीच तिला खोटी वाटली असेल. असा मी दोन्ही बाजूंनी वाद घालत होतो. भाषांतर शोधायचा प्रयत्न केला. इंटरनेटवर इंग्रजीत एक अर्धवट सापडलं; त्यात कुणीतरी संध्याकाळी घरी परततं आणि बूट काढतं, एवढंच होतं. त्यात खोटं काय?

कडोलीला दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. मी जातो, आणि एका वर्षी बहीणही आली होती. तिथे चहाच्या रांगेत तिच्या ओळखीची झाली ती कडोलीचीच एक नर्स. बेळगावातल्या एका दवाखान्यात कामाला होती आणि जपानला जायचं तिच्या मनात होतं. तिकडे म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला आपल्याकडच्या मुली हल्ली जातात. त्यासाठी जपानीची परीक्षा द्यावी लागते. बहीण तिला शिकवायला लागली. ड्यूटी सुटली की ती आमच्याकडे यायची, आणि समोरच्या खोलीत दोघींचा वर्ग चालायचा. मी घरी असलो तर आतल्या खोलीत वाचत बसायचो. वर्गात शिकवण्यापेक्षा हसणंच जास्त ऐकू यायचं.

बहीण गेल्यावर ती एकदा भेटून गेली होती. मग बरेच महिने आली नाही. या हिवाळ्यात एका दुपारी दारात उभी. परीक्षा पास झाली होती, जायचं नक्की झालं होतं, आणि बहिणीने दिलेली जपानीची पुस्तकं परत करायला आली होती.

"ठेवा की तुम्ही," मी म्हणालो. "इथं कोण वाचणार?"

"न्हाय सर, ही सोप्पी हाईत. मी आता पुढची घेतलो." मग स्वतःच जरा ओशाळली. "म्हंजे आक्कांची हाईत म्हणून परत द्यावीत असं वाटलं."

ती बहिणीला आक्का म्हणायची. मी चहा करायला उठलो तर मला बसवून स्वतःच आत गेली. डबे कुठे आहेत हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत होतं. चहा पिताना मी तिला विचारलं, त्या अल्बमबद्दल बहीण कधी काही बोलायची का.

"संत्र्याचा? लई बोलायच्या. मला सगळी गाणी ऐकवल्यात. ऐकून ऐकून परीक्षेला निम्मे शब्द त्यातलेच आले."

"शेवटचं गाणं?"

"ते ऐकवलं की. मला तर झोप आलती."

"ते तिला खोटं वाटायचं."

"व्हय. बोकू म्हणती म्हणून."

मला कळलं नाही. तिने कप खाली ठेवला आणि शिकवायच्या सुरात सांगायला लागली. तो सूर बहिणीचा होता हे तिच्या लक्षात आलं नसावं.

"जपानीत 'मी'ला एक शब्द न्हाय सर, लई हाईत. सादं बोलताना बायका वाताशी म्हणत्यात. पुरुष बोकू म्हणत्यात. पुरुष वाताशी म्हणाले तर चालतंय, पण बाई बोकू म्हणाली की लोक बघत्यात. ही बाई त्या गाण्यात सारखी बोकू म्हणती. आदीच्या गाण्यात कधी म्हणत नव्हती."

"मग एखाद्या मुलाचं गाणं असेल. आपल्याकडे नाही का गायिका पुरुषाच्या तोंडचं गातात?"

"मी पण तेच म्हटलो. तर आक्का म्हणाल्या, न्हाय, गाण्यातलं माणूस बाईच हाय. केस बांधती, कायतरी असं हाय त्यात. तिकडं लई गायिका बोकू म्हणून गात्यात म्हणं, पोरीस्नी आवडतंय. म्हणून आक्कांचा राग. म्हणाल्या, हिनं पण शेवटी चालतंय तेच केलं. पोराचा आव आणला. नाटकी हाय."

तर हे होतं आधीचं मत. वर्षभर मी सुरांमध्ये शोधत होतो आणि ते एका सर्वनामात होतं. मला बरं वाटलं आणि हसूही आलं. असल्या कारणावरून पूर्ण गाणं नापास करणं अगदी तिच्यासारखं होतं.

"नंतर तिचं मत बदललं होतं," मी म्हणालो. "मला तसा निरोप होता. का बदललं ते सांगायचं राहिलं."

तिने मान हलवली. "मला म्हणाल्या न्हाईत कधी, मत बदललं म्हणून." मग कप उचलत, "एकदा हसल्या मात्र लई."

"कशावर?"

"माझ्यावरच. मी इचारलं, आक्का, मग आमी काय म्हणायचं? आमी तर घरात येतो, जातो, करतो असंच म्हणतो. आमच्या गावच्या सगळ्या बायका तशाच बोलत्यात. मग मी तिकडं जाऊन वाताशी म्हणू का बोकू म्हणू?"

"मग?"

"मग हसाय लागल्या. डोळ्यांत पाणी येस्तोवर हसल्या. आन् डोळे पुसले. मला म्हणाल्या, परीक्षेत वाताशीच लिही बाई, न्हायतर मार्क जातील. आन् ते गाणं परत लावलं."

"गाणं ऐकून काय म्हणाली?"

"मला कुठं म्हाईत सर? मला वाटलं, आता परत हे ऐकाय लागतंय. म्हणून मी चहा कराय आत गेलो." तिने कपाळावर हात मारला. "आलो तवर संपलतं. आक्का खिडकीकडं बघत बसलेल्या. साखर घालायची राहिलती, तरी तसाच पिल्या."

हे केव्हाचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, तो शेवटचाच वर्ग. त्या दिवशी आक्का अंग कणकणतंय म्हणत होत्या. म्हणून तिनेच त्यांना गोळी दिली आणि आजचं पुरे, झोपा म्हणून सांगितलं.

जाताना ती दारात थांबली. पायरीवर चपला चढवत म्हणाली, "येतो सर." आमच्याकडे जाताना 'येतो' म्हणतात. त्यात काही विशेष नाही. पण नुकतंच हे बोलणं झालेलं, त्यामुळे तो शब्द मला ऐकू आला. एरवी आला नसता.

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. बेळगाव, खानापूर, निपाणी, पलीकडे कोल्हापूर, इथल्या घराघरांतून बायका 'मी येतो, मी जातो, मी करतो' असंच म्हणतात. माझी आई तसंच बोलते, तिची आई तशीच बोलायची. त्यात पुरुषी असं काही कुणाच्या मनात येत नाही. शाळेच्या पुस्तकात 'मी जाते' असतं, ते परीक्षेत लिहायचं आणि घरी आल्यावर दप्तराबरोबर ठेवून द्यायचं.

बहीणही तशीच बोलायची. मग पुण्याला गेली. पहिल्याच आठवड्यात वसतिगृहाच्या जेवणघरात ती कुणाला तरी म्हणाली, "थांब, मी पण येतो," आणि टेबलावरच्या मुली हसायला लागल्या. त्या वाईट नव्हत्या. पुढे त्यांतल्याच दोघी तिच्या जिवाभावाच्या झाल्या. पण काही दिवस त्या तिला दादा म्हणायच्या. ही हकीकत तिने आम्हाला हसतच सांगितली होती. त्या दिवाळीला घरी आली तेव्हा मात्र ती 'मी येते, मी जाते' बोलत होती. आईने लगेच टोकलं होतं, "काय गं, येते-जाते कराय लागलीस? पुण्याची झालीस व्हय?" बहीण म्हणाली, "तसंच असतं आई, बरोबर मराठीत." आई म्हणाली, "मग आमचं काय, चुकीचं?" आणि तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

तो विषय तिथेच संपला. बहीण पुढे पंधराएक वर्षं 'येते-जाते' बोलली, बेळगावला परत आल्यावरसुद्धा. माझ्याशी, आईशी, भाजीवाल्याशी. आम्हालाही त्याची सवय झाली.

नर्स गेली, मी कप विसळले आणि मग फोन काढला. दुपारची वेळ होती, समोरच्या मैदानावर मुलं क्रिकेट खेळत होती. खिडकी लावून घेतली आणि निरोप ऐकला.

"तू आलास की सांगतो."

सांगतो. सांगते नव्हे.

वर्षभरात हा निरोप मी इतक्या वेळा ऐकला होता की कुकरची शिट्टी कोणत्या शब्दावर येते ते मला पाठ होतं. तरी हा शब्द ऐकला नव्हता. पुण्याचा किंवा मुंबईचा कुणी असता तर पहिल्याच वेळी त्याच्या कानाला तो अडला असता. माझ्या कानाला कसा अडणार? आमच्या घरात बाईच्या तोंडी तोच शब्द सरळ वाटतो. तो इतका सरळ होता की मी त्याच्यावरून रोज चालत गेलो.

मी खिडकी उघडली आणि खुर्चीत बसलो. मनात कुतूहल होतं, आणि त्याबरोबर थोडा संशयही, कारण माझा व्यवसाय तसा आहे. एका क्रियापदावरून एवढं काढता येतं का? अंगात ताप होता. तापात माणूस लहानपणचं बोलतं. नाहीतर नुकत्याच झालेल्या विनोदाची लहर असेल, मला चिडवण्यासाठी मुद्दाम बोलली असेल. नाहीतर तिच्याही नकळत आलं असेल. यातलं नक्की कुठलं, ते मला कधी कळणार नाही.

पण एक गोष्ट मला दिसायला लागली, आणि ती दिसल्यापासून गाणं वेगळं ऐकू येतं. आमच्यात 'मी' एकच, क्रियापद बदलतं. त्यांच्यात क्रियापद एकच, 'मी' बदलतो. बहिणीला इतके दिवस वाटत होतं की ती गायिका स्वतःचा 'मी' सोडून दुसऱ्याचा घेते. आणि मग कडोलीच्या एका मुलीने सरळ मनाने विचारलं, आम्ही काय म्हणायचं? तेव्हा तिला काय वाटलं असेल? की बाहेरच्यांच्या कानाला जो आव वाटतो, तो एखादीचा घरचा शब्द असू शकतो? जेवणघरात जे 'बरोबर' म्हणून उचललं, आव असलाच तर तो त्यात होता? की एवढं काही नाही, फक्त गाणं चांगलं वाटलं? मी यादीतली पुस्तकं जागेवर लावणारा माणूस. पण हे कोणत्या कप्प्यात लावू, ते मला ठरवता आलं नाही. ते मी तसंच बाहेर ठेवलं आहे.

पुढच्या रविवारी आईला डोळे तपासायला बेळगावला आणलं होतं. तिला परत निपाणीला सोडायला निघालो. काकती मागे पडल्यावर मी सीडी आत सरकवली. बहीण गेल्यापासून आई गाडीत असताना मी ती लावली नव्हती. आता आई पुढे, बहिणीच्या जागी बसते. तिसरं गाणं आलं, 'अण्णानी, अण्णानी' झालं. आई खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, तिने ऐकलं नाही. मग ती म्हणाली, "अजून चाललीच हाय व्हय तुझी तक्रार?"

तवंदीच्या घाटात आठवं गाणं संपलं. मी हात स्टिअरिंगवरच ठेवला. शेवटचं सुरू झालं.

"हे नवीन हाय?" आईने विचारलं.

"नाही, ह्यातलंच. ती बंद करायची हे. तिला आवडत नव्हतं."

"का?"

आता आईला जपानी सर्वनाम कसं सांगायचं? मी म्हणालो, "ही बाई आहे ना, ती ह्या गाण्यात येतो, जातो, करतो असं बोलते. बायकांसारखं येते-जाते बोलत नाही."

आई माझ्याकडे बघायला लागली. "मग? आनी कसं बोलायचं?"

मला हसू आलं. आईला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

"नंतर मत बदललं होतं तिचं," मी म्हणालो. "सांगतो म्हणाली होती. राहिलं."

समोर उसाचे दोन ट्रक एकामागे एक घाट उतरत होते. मी त्यांच्या मागे हळू चालवत राहिलो. दुसऱ्या कडव्यात गायिकेने ती ओळ अर्धी सोडली. गिटार पुढे गेली. मग शेवटचा तो आवाज आला, लाकूड सरकल्याचा. तिकडच्या घरांची सरकती लाकडी दारं बूट काढायच्या आधी लावतात की नंतर, हे मी त्या नर्सला विचारायला हवं होतं. जपानहून तिचा फोन आला की विचारीन.

"जेवली न्हाय वाटतं ही," आई म्हणाली. "आवाजात जोर न्हाय."

"तू पण तेच म्हणतेस? पहिल्यांदा तीही हेच म्हणाली होती."

"व्हय?" आईने पदर नीट केला. निपाणीचा फाटा समोर दिसत होता. "परत लाव ते. मी ऐकतो."

मी गाडी बाजूला घेतली आणि गाणं मागे नेलं.